समजून घ्या : बारावीनंतर कॉलेज की क्लब? अमेरिकेच्या लिंडसी हीप्सने १८ व्या वर्षी पॅरिस का निवडले, आणि आर्वीच्या मुलींसाठी त्यात काय आहे?

आर्वी (जि. वर्धा) : बारावीचा निकाल लागला की आर्वीतल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. इंजिनीअरिंग की नर्सिंग? बी.एस्सी. की आणखी काही? राहायचे नागपूरला, अमरावतीला की वर्ध्याला? घरातली मुलगी फुटबॉल खेळत असेल, तर या चर्चेत आणखी एक वाक्य हमखास येते. ‘खेळ झाला तेवढा पुरे, आता शिक्षणाकडे बघ.’

हाच प्रश्न २०१२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या एका मुलीसमोर होता. तिचे गाव गोल्डन. डेन्व्हर या मोठ्या शहराला लागून असलेले, पण लोकसंख्येने आर्वीपेक्षाही लहान. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या महिला फुटबॉल संघाच्या विद्यापीठाने तिला प्रवेश आणि शिष्यवृत्ती देऊ केली होती. तिने ती नाकारली आणि पॅरिसच्या क्लबशी करार केला. पुढे ती अमेरिकेची कर्णधार झाली, विश्वचषक आणि ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकली. मात्र त्या निर्णयाची किंमतही तिला मोजावी लागली. तिचा हा प्रवास नेमका कसा झाला, आणि आर्वीसारख्या ठिकाणी खेळणाऱ्या मुलींना व त्यांच्या पालकांना त्यातून काय समजून घेता येईल?

थोडक्यात

- लिंडसी होरान (लग्नानंतर हीप्स) हिने २०१२ मध्ये १८ व्या वर्षी पॅरिस सेंट-जर्मेन क्लबशी व्यावसायिक करार केला.
- त्या वर्षी अमेरिकेत महिलांची व्यावसायिक लीगच सुरू नव्हती.
- युरोपात असताना २०१५ चा विश्वचषक तिच्या हातून गेला. २०१९ चा मात्र तिने जिंकला.
- २०२४ मध्ये तिच्या नेतृत्वाखाली अमेरिकेने पॅरिसमध्येच ऑलिम्पिक सुवर्ण मिळवले.
- ‘फिफा’च्या नियमानुसार १८ वर्षांखालील खेळाडूला, मोजके अपवाद वगळता, दुसऱ्या देशातील क्लबकडे जाता येत नाही.

कोण आहे लिंडसी हीप्स?

लिंडसीचा जन्म २६ मे १९९४ चा. शाळेच्या संघातून न खेळता ती ‘कोलोरॅडो रश’ या क्लबच्या युवा संघातून घडली. उंची सुमारे पावणेसहा फूट, हवेतील चेंडूवर पकड आणि दोन्ही बाजूंना लांब पास देण्याची क्षमता यामुळे वयोगटातील स्पर्धांतच तिच्याकडे लक्ष गेले. २०१२ मध्ये कॉलेजला जाणाऱ्या अमेरिकी खेळाडूंत तिची गणना सर्वोत्तम मुलींमध्ये होत होती. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाकडून खेळायचे, असे तिचे ठरलेही होते.

आज ती मधल्या फळीत खेळते. मात्र कारकिर्दीची सुरुवात तिने आघाडीपटू म्हणून केली होती. हा बदल कसा झाला, ते पुढे पाहू. २०२५ पासून ती लिंडसी हीप्स या नावाने मैदानात उतरते. त्यामुळे जुन्या बातम्यांत होरान आणि नव्या बातम्यांत हीप्स दिसले, तरी खेळाडू एकच आहे.

अमेरिकेत कॉलेज सोडणे एवढे मोठे का मानले गेले?

आपल्याकडे कॉलेजचे क्रीडाजीवन म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि फार तर विद्यापीठाचा ‘कलर कोट’. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तिथे १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेदभाव करता येणार नाही, हा त्याचा गाभा. तो खेळालाही लागू झाला. त्यामुळे विद्यापीठांना मुलींचे संघ उभे करावे लागले, मैदाने, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. अमेरिकेच्या महिला फुटबॉलची ताकद याच व्यवस्थेतून आली.

त्या व्यवस्थेत नॉर्थ कॅरोलिनाचे स्थान सर्वांत वरचे. प्रशिक्षक अ‍ॅन्सन डॉरन्स यांच्या हाताखाली या विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपदांचा ढीग लावला होता. मिया हॅमसारखी खेळाडू तिथलीच. अशा संघाची जागा नाकारणे म्हणजे आपल्याकडे आयआयटीचा प्रवेश हाती असताना तो सोडून देण्यासारखे. शिवाय तेव्हाच्या नियमांत एक अट होती. व्यावसायिक करारावर सही केली, पैसे घेतले, की कॉलेजच्या स्पर्धांत खेळण्याचा हक्क संपला. म्हणजे ‘एक वर्ष युरोपात बघते, नाही जमले तर परत येऊन कॉलेजकडून खेळते’ ही सोय नव्हती. तो दरवाजा एकदाच उघडा होता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ राष्ट्रीय विजेते झाले. जो संघ तिने सोडला, तो तिच्याविना जिंकला.

मग पॅरिसच का?

यामागे तीन कारणे दिसतात.

पहिले, देशात व्यावसायिक लीग नव्हती. अमेरिकेत महिलांची पहिली व्यावसायिक लीग २००१ ते २००३ एवढीच चालली. दुसरी, ‘डब्ल्यूपीएस’, २०१२ च्या मे महिन्यात बंद पडली. आज नावाजलेली ‘एनडब्ल्यूएसएल’ सुरू झाली ती २०१३ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे लिंडसी निर्णय घेत होती तेव्हा घरी राहून व्यावसायिक फुटबॉल खेळण्याचा पर्यायच नव्हता.

दुसरे कारण पैशांचे. पॅरिस सेंट-जर्मेनची मालकी २०११ मध्ये कतारच्या गुंतवणूकदारांकडे गेली. पुरुष संघाबरोबर महिला संघातही पैसा येऊ लागला. लिंडसीच्या कराराची रक्कम सहा आकडी डॉलरमध्ये असल्याचे त्या वेळी सांगितले गेले. १८ वर्षांच्या मुलीसाठी, आणि त्या काळच्या महिला फुटबॉलसाठी, ही मोठी गोष्ट होती.

तिसरे कारण खेळाचे. अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा हंगाम जेमतेम काही महिन्यांचा. त्यात वेग, ताकद आणि दमसास यांवर भर. फ्रान्समध्ये क्लबचा हंगाम जवळपास वर्षभर चालतो आणि चेंडूवरील नियंत्रण, जागा ओळखणे, कमी स्पर्शांत पास देणे यांवर रोज काम होते. तिला शिकायचे होते ते हे.

कॉलेजला न जाता थेट युरोपातील क्लबशी करार करणारी पहिली अमेरिकी महिला खेळाडू म्हणून तिचे नाव तेव्हा चर्चेत आले.

पॅरिसमध्ये काय मिळाले?

जवळपास साडेतीन वर्षे ती पॅरिसमध्ये राहिली. या काळात तिने क्लबसाठी चाळीसहून अधिक गोल केले. रोज मोठ्या, अनुभवी खेळाडूंबरोबर सराव झाला. २०१३ मध्ये अमेरिकेची टोबिन हीथ पॅरिसमध्ये आली, त्यामुळे आपल्या भाषेत बोलणारे कोणीतरी संघात आले. त्याच मोसमात मेगन रॅपिनो लिऑनकडून खेळत होती. म्हणजे अमेरिकेच्या खेळाडू फ्रान्समध्ये येत होत्या. मात्र त्या बहुतेक कॉलेज पूर्ण करून, नाव कमावून आलेल्या. लिंडसी दहावी-बारावीच्या वयातून थेट आली होती.

आणि काय गेले?

ही बाजू यशाच्या बातम्यांत सहसा मागे पडते. भाषा येत नव्हती. घर आठ तासांच्या वेळेच्या फरकावर होते. दुखापतींनी काही काळ बाहेर बसावे लागले. आपल्या वजनावरून क्लबमध्ये बोलले जात असे आणि त्याचा मनावर परिणाम झाला, हे तिने पुढे मुलाखतींत उघडपणे सांगितले. विशीच्या आतली मुलगी, परका देश आणि खेळायला मिळणार की नाही हे दुसऱ्याच्या हाती, असा तो काळ होता.

सर्वांत मोठी किंमत राष्ट्रीय संघाच्या बाबतीत मोजावी लागली. मार्च २०१३ मध्ये पोर्तुगालमधील अल्गार्व्ह चषकात तिने अमेरिकेच्या वरिष्ठ संघातून पदार्पण केले. त्यानंतर पुन्हा देशाकडून खेळण्यासाठी तिला २०१५ संपत येईपर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात, जुलै २०१५ मध्ये, अमेरिकेने विश्वचषक जिंकला. त्या संघात ती नव्हती. निवड करणाऱ्यांच्या नजरेसमोर रोज खेळणाऱ्या मुली आणि समुद्रापलीकडे खेळणारी मुलगी, यांत हा फरक पडतो. परदेशी क्लब म्हणजे राष्ट्रीय संघाची हमी, असा अनेकांचा समज असतो. तिचा अनुभव वेगळे सांगतो.

आघाडीपटूची मध्यरक्षक कशी झाली?

फुटबॉलमध्ये मधल्या फळीतील खेळाडूंची कामे ढोबळमानाने तीन क्रमांकांनी ओळखली जातात. ‘सहा’ म्हणजे बचावाच्या पुढे उभी राहून प्रतिस्पर्ध्याचा हल्ला तोडणारी. ‘आठ’ म्हणजे दोन्ही गोलपेट्यांमध्ये सतत ये-जा करणारी. ‘दहा’ म्हणजे आघाडीच्या मागे राहून गोलची संधी तयार करणारी.

२०१५ च्या अखेरीपासून अमेरिकेच्या संघाने लिंडसीला मधल्या फळीत वापरायला सुरुवात केली. याला पॅरिसमधली शिकवण उपयोगी पडली. गोलकडे पाठ करून, मागे बचावपटू चिकटलेली असताना चेंडू ताब्यात ठेवण्याची सवय आघाडीपटू म्हणून तिला लागली होती. मधल्या फळीत, जिथे चारही बाजूंनी माणसे धावून येतात, तिथे हीच सवय सर्वांत मोलाची ठरते. त्यात उंची आणि हेडरची भर. त्यामुळे ती ‘आठ’ची धावपळ करते, ‘दहा’सारखे पास देते आणि कॉर्नरच्या वेळी आघाडीपटूसारखी गोलपेटीत पोहोचते.

परत का आली आणि पुन्हा का गेली?

२०१६ च्या सुरुवातीला ती मायदेशी परतली आणि ‘एनडब्ल्यूएसएल’मधील पोर्टलँड थॉर्न्सकडून खेळू लागली. आता घरी लीग होती, आणि ऑलिम्पिकचे वर्ष असल्याने निवड समितीच्या समोर राहणेही गरजेचे होते. रिओ ऑलिम्पिकच्या संघात तिला जागा मिळाली. त्या स्पर्धेत अमेरिका उपांत्यपूर्व फेरीतच स्वीडनकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरली.

पोर्टलँडमध्ये मात्र तिचा खेळ बहरला. २०१७ च्या लीगच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिना करेजविरुद्धचा एकमेव गोल तिचाच होता. २०१८ मध्ये १३ गोल करून ती लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०१९ मध्ये फ्रान्समध्ये झालेला विश्वचषक अमेरिकेने जिंकला, आणि या वेळी ती संघात होती. त्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला लिऑन शहरात.

त्याच लिऑनमध्ये ती जानेवारी २०२२ मध्ये पोहोचली. सुरुवातीला पोर्टलँडने तिला ‘लोन’वर दिले. म्हणजे मूळ करार जुन्या क्लबकडेच राहतो आणि खेळाडू ठरावीक काळ दुसऱ्या क्लबसाठी खेळते. सरकारी नोकरीत प्रतिनियुक्ती असते, साधारण तसेच. पुढे २०२३ मध्ये हा करार कायमस्वरूपी झाला. महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये लिऑन हा सर्वाधिक यशस्वी क्लब. मे २०२२ मध्ये इटलीतील ट्युरिन येथे बार्सिलोनाला ३-१ असे हरवून त्यांनी आठव्यांदा हा चषक जिंकला, तेव्हा लिंडसी त्या संघात होती. २०२५ मध्ये या महिला क्लबचे नाव ‘ओएल लिऑनेस’ असे झाले.

या दोन परदेशी मुक्कामांतला फरक महत्त्वाचा आहे. १८ व्या वर्षी ती शिकायला गेली होती. २७ व्या वर्षी गेली ती जागतिक विजेती आणि लीगची सर्वोत्तम खेळाडू म्हणून. पहिल्या वेळी क्लब अटी ठरवत होता, दुसऱ्या वेळी निवड तिच्या हातात होती.

क्लबमध्ये सहकारी, विश्वचषकात समोरासमोर

परदेशी क्लबमध्ये खेळण्याचा एक परिणाम २०२३ च्या विश्वचषकात सगळ्यांनी पाहिला. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे अमेरिका नेदरलँड्सविरुद्ध ०-१ ने मागे होती. नेदरलँड्सची डॅनियल व्हॅन डी डॉन्क ही लिऑनमधील लिंडसीची सहकारी. तिने लिंडसीला जोरदार टॅकल केले. दोघींत बाचाबाची झाली, पंचांनी दोघींना समज दिली. लगेचच रोझ लव्हेलच्या कॉर्नरवर लिंडसीने हेडरने गोल केला आणि सामना १-१ असा सुटला. वर्षभर जिच्यासोबत सराव करायचा, तिच्याचविरुद्ध देशासाठी उतरायचे, हे आता मोठ्या खेळाडूंच्या रोजच्या कामाचा भाग झाले आहे.

त्या स्पर्धेत अमेरिका उपउपांत्यपूर्व फेरीत, पुन्हा स्वीडनकडून शूटआउटमध्येच, बाहेर पडली. विश्वचषकाच्या इतिहासातील त्यांची ती सर्वांत लवकर झालेली एक्झिट.

पुन्हा पॅरिस

वर्षभराने पॅरिस ऑलिम्पिक झाले. प्रशिक्षक एमा हेज नव्या होत्या, कर्णधार लिंडसी होती. ६ ऑगस्ट २०२४ रोजी उपांत्य सामन्यात जर्मनीवर जादा वेळेत १-० असा विजय मिळाला, तो लिऑनमध्ये. १० ऑगस्टला अंतिम सामन्यात ब्राझीलवर मॅलरी स्वॉन्सनच्या गोलने १-० असा विजय मिळाला, तो पॅरिसच्या ‘पार्क दे प्रिन्स’ मैदानावर. हे पॅरिस सेंट-जर्मेनचे मैदान. ज्या दोन शहरांत ती परदेशी खेळाडू म्हणून राहिली, त्याच दोन शहरांतून तिने सुवर्णपदक नेले.

तिच्यानंतर वाट किती बदलली?

बरीच. २०२१ मध्ये ऑलिव्हिया मोल्ट्री या १५ वर्षांच्या मध्यरक्षक मुलीने लीगच्या वयोमर्यादेला न्यायालयात आव्हान दिले आणि ती पोर्टलँडकडून खेळू लागली. नंतर लीगने १८ वर्षांखालील मुलींसाठी नियमच केला. २०२४ मध्ये कॉलेजमधून खेळाडू वाटून घेण्याची ‘ड्राफ्ट’ पद्धतही बंद झाली. आता खेळाडू स्वतः क्लब निवडते.

युरोपातही बाजार वाढला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेची बचावपटू नेओमी गिर्मा हिला चेल्सीने घेतले, तेव्हा महिला फुटबॉलमध्ये पहिल्यांदाच हस्तांतरणाची रक्कम दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. मध्यरक्षक लिली योहानेस वडिलांच्या कामामुळे लहानपणीच नेदरलँड्सला गेली, आयेक्स क्लबमध्ये वाढली आणि २०२५ मध्ये लिऑनमध्ये दाखल झाली. २०१२ मध्ये जे धाडस वाटले, ते आता एक रुळलेली वाट आहे.

भारतीय मुली परदेशात गेल्या आहेत का?

हो, मात्र संख्या मोजकी आहे.

- अदिती चौहान : गोलरक्षक. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात शिकत असताना २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघाकडून खेळली. शिक्षण आणि खेळ दोन्ही सांभाळण्याचा हा नमुना.
- बाला देवी : मणिपूरची आघाडीपटू. जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सशी १८ महिन्यांचा करार. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिने मदरवेलविरुद्ध गोल केला.
- मनीषा कल्याण : पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातील. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलविरुद्ध भारताचा एकमेव गोल तिचा. २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय. २०२४ मध्ये ग्रीसच्या पीएओके क्लबमध्ये.
- ज्योती चौहान व सौम्या गुगुलोथ : २०२२ मध्ये क्रोएशियातील दिनामो झाग्रेबकडून खेळल्या.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये महिलांचा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरवला. करोनाची लागण झाल्याने भारतीय संघाला अर्ध्यावर माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामनेही नवी मुंबईत झाले. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ ने हरवून भारताने पात्रता फेरीतून पहिल्यांदा आशिया चषक गाठला. त्या सामन्यातील दोन्ही गोल एका मध्यरक्षक मुलीचे होते, बंगालच्या संगीता बासफोरचे.

विदर्भात फुटबॉलचा विषय निघाला की नागपूर आठवते. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना घेऊन सुरू केलेली ‘स्लम सॉकर’ चळवळ पुढे बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोहोचली. नागराज मंजुळे यांचा २०२२ मधील ‘झुंड’ हा चित्रपट त्यावरच बेतलेला. म्हणजे विदर्भातल्या मैदानावरून परदेशात जाणे अशक्य नाही. मात्र व्यावसायिक करार ही वेगळी पायरी आहे.

आर्वीतून वाट कुठून जाते?

पहिली पायरी शाळेची. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धा आणि १७ वर्षांखालील मुलींचा सुब्रतो चषक यांत संघ जिल्हा, नागपूर विभाग, राज्य अशा क्रमाने वर जातो. या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळू शकतात. पात्र खेळाडूंना राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षणही आहे. त्यामुळे प्रमाणपत्रे जपून ठेवणे आवश्यक.

दुसरी पायरी नोंदणीची. शालेय स्पर्धा खेळल्या म्हणजे महासंघाकडे व्यावसायिक नोंद झाली असे नव्हे. त्यासाठी राज्याच्या फुटबॉल संघटनेशी संलग्न क्लबमार्फत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे नोंदणी लागते. खेळाडू कोणत्या वयात कोणत्या क्लबकडे होती, याची नोंद पुढे परदेशी हस्तांतरणात तपासली जाते.

तिसरी पायरी इंडियन विमेन्स लीग. ही लीग २०१६-१७ च्या मोसमात सुरू झाली. क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान तीन लाख वीस हजार रुपयांचा करार द्यावा, असे महासंघाने २०२३ मध्ये जाहीर केले. महिन्याला ही रक्कम २६-२७ हजारांच्या घरात जाते. घर चालवायला कदाचित पुरेल, पण खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची आणि एका दुखापतीवर टांगलेली असते, हेही लक्षात घ्यावे लागते.

चौथी पायरी परदेश. इथे ‘फिफा’चे नियम लागू होतात. खेळाडूचे वय १८ पूर्ण हवे. आई-वडील खेळाशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, तर त्याचा अपवाद होतो. जुन्या देशाच्या महासंघाने आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र द्यावे लागते आणि नोंद ऑनलाइन प्रणालीत होते. त्यानंतर त्या देशाचा कामाचा परवाना. इंग्लंडसारख्या देशात हा परवाना देताना खेळाडूच्या राष्ट्रीय संघाचे जागतिक स्थान आणि ती त्या संघाकडून किती सामने खेळली, हे पाहिले जाते. अमेरिकी मुलीला ही पायरी सोपी जाते, भारतीय मुलीला अवघड. म्हणूनच भारताचा संघ आशिया चषकात खेळतो, याचा फायदा प्रत्येक वैयक्तिक खेळाडूलाही होतो.

उलटही घडते. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘फिफा’ने भारतीय महासंघाला अकरा दिवस निलंबित केले. त्या वेळी गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोहोचल्या होत्या. मैदानात न उतरताच त्यांना परतावे लागले. कार्यालयातील गोंधळाची किंमत खेळाडूंनी मोजली.

करार हाती आला तर काय विचारावे?

लिंडसीच्या प्रवासातून चार साधे प्रश्न निघतात.

१. किती काळासाठी? ‘फिफा’च्या नियमानुसार करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, १८ वर्षांखालील खेळाडूचा जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. तोंडी आश्वासन म्हणजे करार नव्हे.

२. दुखापत झाली तर? उपचार, विमा आणि त्या काळातला पगार कोण देणार, हे कागदावर हवे. जानेवारी २०२१ पासून ‘फिफा’ने मातृत्व रजाही बंधनकारक केली आहे. किमान १४ आठवडे आणि कराराच्या पगाराच्या किमान दोन तृतीयांश रक्कम.

३. मध्यस्थ कोण? एजंटकडे ‘फिफा’चा परवाना आहे का, ते तपासता येते. ‘परदेशात ट्रायल लावून देतो, आधी एवढे लाख भरा’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे.

४. शिक्षणाचे काय? २०१२ च्या अमेरिकेत सही केली की कॉलेजच्या मैदानाचे दार बंद होत होते. भारतात तशी सक्ती नाही. मुक्त विद्यापीठ, बहिःस्थ परीक्षा, नंतर घेतलेला प्रवेश हे पर्याय उघडे राहतात. अदिती चौहानने दोन्ही एकत्र केले.

मग कॉलेज की क्लब?

लिंडसीची कहाणी ‘शिक्षण सोडा, स्वप्नामागे धावा’ असे सांगत नाही. तिने कॉलेज नाकारले तेव्हा तिच्या हातात लेखी करार होता, महिन्याचा पगार होता, वर्षानुवर्षांचे क्लबचे प्रशिक्षण होते आणि घरच्यांचा पाठिंबा होता. तरीही एकटेपणा, दुखापती आणि एक हुकलेला विश्वचषक तिच्या वाट्याला आला. हे चार आधार नसताना तोच निर्णय घेतला तर ते धाडस नव्हे, जुगार ठरेल.

दुसरी बाजूही तितकीच खरी. आर्वीत बारावीनंतर ‘खेळ पुरे’ हे वाक्य येते, तेव्हा बहुतेक वेळा मुलीकडे करारही नसतो आणि महासंघाकडे तिची नोंदही नसते. म्हणजे निवडायला दुसरा पर्यायच तयार झालेला नसतो. मुलगी बारा-तेरा वर्षांची असतानाच क्लबची नोंदणी करणे, स्पर्धांची प्रमाणपत्रे जपणे आणि नियम समजून घेणे, एवढे आज पालकांच्या हातात आहे. हे झाले तर बारावीच्या निकालाच्या दिवशी घरात निदान दोन पर्यायांवर चर्चा होऊ शकेल. निर्णय काय घ्यायचा, हे त्यानंतर त्या मुलीने आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचे.